बारामतीच्या वाटेवरचं जॅझ

माझ्या सासऱ्यांना, आबांना, आठवड्यातून दोनदा शेळगावहून बारामतीला डायलिसिसला न्यावं लागतं. नवरा कारखान्यात पाळीवर असतो, म्हणून गाडी मी चालवते. सकाळच्या शाळेत शिकवून घरी यायचं, उभ्याउभ्या दोन घास खायचे आणि निघायचं. गळीत हंगामात तर सगळा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत कापायचा. त्या पहिल्या हिवाळ्यात कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायचं माझ्या जिवावर यायचं.

आबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी त्यांच्या डाव्या हातावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी त्या हातावर जोर द्यायला मनाई केली. पखवाजाचा सगळा घुमार डाव्या हाताचा. आबांनी पखवाजाला खोळ घातली आणि तो विषयच बंद केला. गाडीत मी त्यांच्यासाठी मोबाइलवर अभंग लावायचे. ते खिडकीबाहेर बघत बसायचे. ऐकत होते की नाही, देव जाणे.

एकदा परत येताना अभंग संपला आणि मोबाइलनं आपल्या मनानं पुढचं काहीतरी लावलं. आधी जाड तारांचा खर्जातला आवाज, मग ड्रम, मग सॅक्सोफोन. लग्नाच्या बँडमधला सॅक्सोफोन मला माहीत होता. हा तसा नव्हता. अडखळत, थांबत, आठवून आठवून बोलल्यासारखा वाजत होता. मध्येच त्यात मृदंग शिरला. मला ते काही झेपेना. पिंपळी गाव मागे पडून रस्ता मोकळा झाल्यावर मी बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

डायलिसिसनंतर ते कधी बोलत नसत. मी हात मागे घेतला.

"सम कुठं हाय ह्याची?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"मला काय कळतंय, आबा."

"तू मोज. मी धरतो."

मी तोंडानं मोजायला लागले आणि ते उजव्या हातानं मांडीवर ठेका धरायला लागले. सात मात्रा धरल्या की अर्धी उरायची, आठ धरल्या की अर्धी कमी पडायची. लासुर्ण्यापर्यंत आम्ही नुसते चुकत होतो. घरी पोचल्यावर ते दमून आडवे झाले, जेवलेही नाहीत. पण पुढच्या खेपेला गाडीत बसल्याबसल्या म्हणाले, "साडेसात हाय. लाव बरं."

साडेसातच होत्या.

त्यानंतर दवाखान्याबाहेर बाकावर बसून मी तसलंच शोधायला लागले. याला जॅझ म्हणतात आणि हल्लीचे वादक त्यात काय काय मिसळतात हे मला तिथं कळलं. कुणी आफ्रिकेतले ढोल आणतं, कुणी आपली सतार, कुणी संगणकावरचे आवाज. निम्मं मला आवडायचं नाही. पेंगत ऐकायचे आणि आवडेल ते आबांसाठी ठेवायचे.

मंडळातले टाळकरी तात्या एकदा आमच्याबरोबर गाडीत होते. ऐकून म्हणाले, "बँडवाल्यांची भांडणं लागल्यागत वाटतंय."

"भांडत न्हाईत," आबा म्हणाले. "एक बोलतोय तवर बाकीचे दमानं घेत्यात. आपल्यात कोण घेतंय?"

तात्या हसले आणि लासुर्ण्याला उतरून गेले.

उन्हाळ्यात मला ताप आला, तेव्हा नवऱ्यानं रजा काढून गाडी नेली. मी दुपारभर मेल्यासारखी झोपले. जाग आली तेव्हा तो उशाशी येऊन बसला होता.

"आबांनी तुझं ते कसलं गाणं लावायला लावलं," तो म्हणाला. "आणि मला मोजायला सांगितलं."

"मग?"

"मला कुठलं जमतंय. म्हणाले, तुझ्या बायकोला येतंय."

अंग मोडून आलं होतं, तरी मी तशीच उशीला टेकून बसले आणि पुन्हा एकदा सांग म्हणाले.

आता आबा परतीच्या वाटेवर बहुतेक झोपलेलेच असतात. मी आवाज बारीक ठेवते. कधी एखाद्या नव्या वादनात सम सापडत नाही, विचारावंसं वाटतं. पण त्यांचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं असतं, आणि मी त्यांना उठवत नाही.