आमच्या सासऱ्यांचं ‘व्हेरी’

आमच्या सासऱ्यांइतका ‘व्हेरी’ हा शब्द जपून वापरणारा माणूस तापीचे दोन्ही काठ धुंडाळूनही सापडायचा नाही. धडगावला आयुष्यभर इंग्रजी शिकवून ते कळसाडीला घरी येऊन बसले, पण पोरांच्या वह्यांवर ‘गुड’च्या पुढे फारतर ‘क्वाइट गुड’पर्यंत गेले. ‘व्हेरी गुड’ एकालाही नाही. फेअरली म्हणजे चालण्याजोगं, क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी आणि व्हेरी म्हणजे ज्याच्या वर पायरीच नाही, असं त्यांचं म्हणणं. “मंग दुसरानी यान्हापेक्षा चांगलं करं, ते त्याले काय देवानं?” असं ते विचारतात. चहा व्हेरी हॉट असला तर फुंकून पितात, टू हॉट असला तर पीतच नाहीत, हा फरक ते आल्यागेल्याला कप हातात धरून समजावतात. तोवर चहा गार होतो. आणि उदाहरणातलं व्हेरी मोजायचं नसतं, हेही ते बजावतात. कापूस बघायला आलेला व्यापारीसुद्धा आता आधीच विचारतो, “सर, फेअरली शे का क्वाइट?” सासूबाईंच्या हातचं वांग्याचं भरीत खाऊन अख्खं गाव बोटं चाटतं, पण घरात त्याला ‘गुड’च्या वर बढती नाही. त्या म्हणतात, “ज्या दिवशी हे व्हेरी म्हनतीन, त्या दिवशी मी समजसू, यास्नी तब्येत बिघडनी.”

या कंजूषपणापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं. आम्ही मुलगी बघायला गेलो होतो. अशा वेळी बापाने मुलीचे गोडवे गायचे आणि वरपक्षाने माना डोलवायच्या. त्यातलं निम्मं खोटं हे दोघांनाही ठाऊक असतं. माझ्या मामांनी रीतीप्रमाणे मुलीचा स्वभाव विचारला. सासऱ्यांनी आढ्याकडे बघत बराच विचार केला आणि म्हणाले, “फेअरली गुड.” आत सासूबाईंच्या हातून काहीतरी पडलं. मामांनी घाबरून खोट काय ते विचारलं, तर यांनी मुलगी तापट आहे, हट्टी आहे आणि चहात साखर जास्त घालते, असं सगळं शांतपणे सांगून टाकलं. मामा चपला शोधायला लागले. तेव्हा माझी आई म्हणाली की, जो बाप स्वतःच्या लेकीबद्दलही वाढवून बोलत नाही, त्याच्या घरची मुलगी डोळे झाकून करावी. केली. तापट आणि हट्टी हे तंतोतंत खरं निघालं. साखरेची मला सवय झाली.

बायकोच्या मनातून मात्र ते ‘फेअरली’ कधी गेलं नाही. ती एम. ए. झाली, ‘गुड’ मिळालं. शिक्षिका झाली, ‘क्वाइट गुड’. बापाकडून एकदा तरी व्हेरी घ्यायचंच, असा तिने हट्टच धरला होता, आणि हट्टीपणात बापाचंही काही कमी नव्हतं.

यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती महिनाभर कळसाडीला राहिली. वेळच्या वेळी डोळ्यांत थेंब घातले, रोज पेपर वाचून दाखवला. वाचनातल्या चुका त्यांनी डोळे मिटूनच काढल्या. मी तिला न्यायला गेलो. पाया पडताना ती हसत म्हणाली, “आप्पा, आते तरी?”

त्यांनी पुन्हा आढ्याकडे बघितलं. “तुन्हा स्वभाव फेअरलीच शे,” ते म्हणाले.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. बायको हसली, पण मला ओळखू येतं. तिला लागलं होतं. मी गाडी सुरू केली. तेवढ्यात ते काळा चष्मा सावरत, भिंतीचा आधार घेत अंगणातून चालत आले आणि तिच्या खिडकीशी वाकले.

“पन बेटा, आते घर व्हेरी सुनं लागी,” म्हणाले आणि लगेच वळून आत गेले.

शहादा मागे पडला तरी ती बाहेरच बघत होती. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “आयकं ना तुम्ही? आप्पानी व्हेरी दिधं.”

मी नुसता ‘हो’ म्हणालो. मला त्यांची आतापासूनच आठवण यायला लागली होती.