मूठभर पावडर, टाकीभर पाणी

"अंघोळीच्या पाण्यात काय टाकता?" बार्शीच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी विचारलं. मी ताडकन म्हणाले, "काही नाही." शेजारी बसलेले यजमान छताचा पंखा बघत होते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, इरिटंट कॉन्टॅक्ट डर्मटायटिस. म्हणजे त्रासदायक वस्तू रोज लागून कातडीचा झालेला दाह. खरूज नाही, नायटा नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. हे शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. माझी नात आठ दिवसांची झाली होती आणि अजून एकदाही माझ्या पायावर न्हायली नव्हती.

आमचं खेडं ईट गावाजवळ. लेक मनीषा सातव्या महिन्यात बाळंतपणाला आली आणि पंधरा दिवसांत माझे हात, मान, पोटऱ्या लालबुंद झाल्या. खाजवून खाजवून जीव नकोसा व्हायचा. कुणी कडुलिंबाचा पाला सांगितला, कुणी तुरटी. मी दोन्ही चोळलं. मलम लावलं की चार दिवस बरं, सोडलं की दुप्पट.

पुण्याच्या मुलानं शॉवरला लावायचा फिल्टर पाठवला. अरे बाबा, इथं पाणी आठ दिवसांनी येतं, शॉवरखाली उभं कोण राहणार? तरी तो बसवला. शॉवरखाली बादली ठेवायची, ती भरेपर्यंत थांबायचं आणि मग तांब्यानं अंघोळ. महिन्याभरात फिल्टर क्षारांनी चोंदला, थेंब थेंब पाणी यायला लागलं.

बाळ घरी आलं. शेजारच्या सुमनबाईंनी माझे हात बघितले. "खरूज हाय ही. लेकराला लागंल. म्या घालते न्हाऊ," म्हणाल्या.

मनीषा हळूच म्हणाली, "आई, राग मानू नको, पर थोडे दिवस थांब."

राग आला, भयंकर आला. आजी मी, आणि न्हाणीच्या दारात टॉवेल धरून उभी!

तर डॉक्टरांनी पाणी तपासायला सांगितलं. परत येताना यजमान मोटारसायकलवर पुढं बघतच बोलले, "थोडी टीसीएल टाकतो म्या टाकीत, मनीषा आल्यापासनं. बाळंतिणीला शुद्ध पाणी नगं व्हय?"

टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर.

"थोडी म्हंजे किती?"

"मूठभर."

"कुणाची मूठ? तुमची?"

या माणसानं गावच्या पाण्याच्या टाकीवर अख्खी नोकरी काढली. गावच्या टाकीला जी मूठ, तीच घरच्या टाकीला! पाण्याला उग्र वास यायचा, पण नळाचं पाणी असंच असतं म्हणून मी गप्प बसले. मीही काही कमी नाही.

त्यांच्या जागी आलेल्या नव्या पाणीवाल्याकडून त्यांनी क्लोरीन तपासायची बाटली मागून आणली. त्यातले थेंब टाकून पाणी फिकट पिवळं झालं तर ठीक. आमचं नारिंगी झालं, म्हणजे क्लोरीन फारच जास्त. फिल्टरमधून आलेलंही तसंच. नोकरीत रोज केलेली तपासणी या गृहस्थांनी घरी एकदाही केली नव्हती.

मग मलाच का झालं? पुढच्या खेपेला डॉक्टरांनी समजावलं. पाणी तापवलं की क्लोरीन बरंच उडून जातं. बाकीच्यांना कढत पाणी, मी मात्र पहाटे गारच घेते. वर दिवसभर धुणीभांडी. आणि तुरटी, पाला चोळून मी आगीत तेल ओतलं होतं.

टाकी उपसून धुतली. आठ दिवसांचं पाणी मोरीत ओतून दिलं. आता पावडर चमच्यानं पडते, माझ्यासमोर. अंघोळीची बादली आदल्या दिवशी भरून उघडी ठेवते. साबण बंद, डॉक्टरांचं मलम दोन वेळा. तुमच्याही अंगावर असं उठलं, तर आधी टाकीत डोकावा आणि घरातल्या हुशार माणसाला विचारा. डॉक्टरांनी ते विचारलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नात सव्वा महिन्याची झाली, तेव्हा मनीषानं तिला माझ्या पायावर ठेवलं. यजमान पाण्यात बोट बुडवून म्हणाले, "घाल आता. तपासलंय."

माझी बोटं अजून खरखरीतच होती. पोरीनं त्यातलंच एक घट्ट धरलं आणि सोडेना. कित्येक महिन्यांत माझ्या हाताला आपणहून हात लावणारं घरातलं ते पहिलं माणूस. तांब्या तसाच हातात धरून मी रडत बसले.