फणसाच्या ओंडक्यासाठी मशीन

आमच्या कांदिवलीच्या घरामागचा फणस शेजाऱ्यांच्या भिंतीवर रेलला, म्हणून पाडावा लागला. पण त्याचा ओंडका गल्लीतून काही बाहेर निघेना. वखारीत नेऊन चिरून आणायची सोयच नव्हती. मग बाबांनी जाहीर केलं, ओंडका मशीनकडे जात नाही ना, मग मशीन ओंडक्याकडे आणू. सुटं करून नेता येणारं, जुनं, वापरलेलं का होईना, पण घरचं मशीन!

आईला त्या फळ्यांचा पलंग हवा होता, आणि पावसाच्या आत हवा होता. भिजला की ओंडका वाया जाणार.

बाबा कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. गिरणी बंद पडल्यापासून घरीच. मी तेव्हा कॉलेजात जायची आणि मला या मशीनचं भलतंच कुतूहल वाटलं, म्हणून त्यांच्याबरोबर निघाले. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, जिथे जिथे पत्र्याच्या शेडमध्ये अशी मशीनं मिळतात तिथे आम्ही गेलो. गोल चकतीचं मशीन साधं, पण त्यात लाकडाचा भुसा फार होतो आणि जाड ओंडक्यात चकती पुरत नाही. पातळ पट्ट्याचं नाजूक, पण फळ्या जास्त निघतात. आमच्या घरच्या विजेवर मोटर चालणार नाही, तेव्हा तेलाचं इंजिन हवं. हे सगळं मला तोंडपाठ झालं. बाबांचं मात्र ठरेना.

मशीन सुरू झालं की ते त्याच्या अंगावर तळवा ठेवायचे आणि डोळे मिटायचे. गिरणीतली जुनी सवय. शेडवाला बंद करेपर्यंत हात निघायचा नाही. मग म्हणायचे, "बेअरिंग बोलतंय गं," म्हणजे आत काहीतरी झिजलंय, आणि आम्ही पुढच्या शेडकडे. एकदा मीही तळवा ठेवून पाहिला. मला काहीच बोलल्यासारखं वाटलं नाही. नुसती गुदगुल्यांसारखी थरथर.

घरी आई कावली होती. "ओंडको कुसलो की मगे हाडतल्यात काय मशीन?"

शेवटी मुलुंडचा शेडवाला वैतागला. "काका, एक दिवस घरी नेऊन चालवून बघा. पसंत पडलं तर ठेवा, नाहीतर संध्याकाळी परत." पट्ट्याचं मशीन टेम्पोतून आलं, गल्लीतून तुकड्यातुकड्यांनी आत गेलं. बाबांनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. एका दिवसाच्या पाहुण्याला एवढं कशाला, असं टेम्पोवाला पुटपुटला.

पिवळ्याधमक फळ्या निघत गेल्या. बाबा घामाने निथळत होते आणि भलतेच खूश होते. दुपार कलेपर्यंत ओंडका संपला. बाबांनी इंजिन बंद केलं. तळवा तसाच बंद मशीनवर. "बेअरिंग बोलतंय," ते म्हणाले, पण कोणाकडे न बघता. टेम्पोवाला मशीन सुटं करायला पाने-पेचकस काढायला लागला.

आई दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली आणि माहेरून आणलेला सागवानी पाट घेऊन आली. त्या पाटावर ती आम्हाला बसूही द्यायची नाही. तो तिने बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"ह्येचे दोन करा," ती म्हणाली. "माका ह्यो मोठो पडता."