न दिलेलं अंतर

अमरावतीच्या ज्या क्लासमध्ये मी बँकेच्या परीक्षेची तयारी करत होते, तिथे एका चाचणीतून मोफत बॅचसाठी मुलं निवडायची होती. निवड झाली तर राहण्याची सोयही होणार होती. नाही झाली, तर पदवी संपताच मला अकोल्याजवळच्या आमच्या गावी परतावं लागणार होतं. बाबांनी एका स्थळाला चाचणीपर्यंत थांबवून ठेवलं होतं.

मला सर्वांत जास्त भीती 'माहिती पुरेशी आहे का' या प्रश्नांची वाटायची. त्यात उत्तर काढायचं नसतं. खाली दिलेल्या दोन विधानांवरून ते निघेल का, एवढंच सांगायचं असतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. कुणी काही विचारलं की मला ते यायलाच हवं, असं घरात सगळ्यांना वाटायचं. त्यामुळे 'पुरेशी नाही' या पर्यायावर खूण करताना मला चोरी केल्यासारखं वाटे.

चाचणीच्या आधीच्या आठवड्यात सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला. एक बस अमरावतीहून अकोल्याला निघाली, त्याच वेळी दुसरी अकोल्याहून अमरावतीला. त्या किती वेळाने भेटतील? पहिल्या विधानात एकीचा वेग ताशी चाळीस किलोमीटर, दुसऱ्यात दुसरीचा साठ.

"एका तासानं," मी लगेच म्हणाले. "माहिती पुरेशी आहे."

"अंतर कुठून आणलं?"

"शंभराच्या आसपास आहे ना, सर. घरी जायचा माझा रस्ताच तो."

"तुले मालूम हाये, पन प्रश्नाले मालूम हाये का?"

मागून एक मैत्रीण म्हणाली, "सर, तिले वाटेतल्या मूर्तिजापूरचा चहाचा थांबाबी धरू द्या!"

वर्ग हसला. मीही हसले, पण वहीतली मागची उत्तरं चाळू लागले. आणखी किती प्रश्नांत मी अशी पदरची माहिती घातली असेल?

सर म्हणाले, "जे दिलं नाही त्याले क्ष म्हन. शेवटपर्यंत क्ष उरला तं माहिती अपुरी. कटून गेला तं त्याची गरजच नव्हती."

रविवारी चाचणीत जवळपास तसाच प्रश्न आला. समोरासमोरून निघालेल्या दोन गाड्या, दोन विधानांत दोन वेग, अंतर नाही. मी 'पुरेशी नाही' या गोलावर पेन टेकवलं आणि थांबले. या वेळी विचारलं होतं, की भेटेपर्यंत पहिलीने एकूण अंतराचा कितवा भाग कापला असेल? घाईघाईने कोपऱ्यात मांडून पाहिलं. क्ष वर आला, खालीही आला आणि कटून गेला. माहिती पुरेशी होती. गोल भरला, तरी पेपर देईपर्यंत पुन्हा पुन्हा तिकडेच पाहत होते.

बाहेर पडले तर बाबांचा फोन.

"कसा गेला पेपर, बेटा?"

"बरा गेला."

"मंग लागते ना नंबर?"

एरवी मी "लागते" म्हटलं असतं.

"सांगता येत नाही, बाबा. बाकीच्यांचे पेपर कसे गेले, मले कुठं माहीत?"

"अवं, एवढी शिकली अन् एवढं नाही सांगता येत? पाहुण्यांचा सकाळीच फोन आला होता. या म्हनू का नोको म्हनू? तुयाच नंबरावर अडून हाये ना सारं."

मी गेटाजवळ उभी होते. नंबर लागला, तर त्यांना नको म्हणायचं होतं. आणि नाही लागला तर? लग्न तर मला तेव्हाही करायचं नव्हतं. हे मी घरी कधी बोललेच नव्हते.

"नोको म्हना, बाबा."

"म्हंजे लागते नंबर?"

"ते नाही माहीत. लागला तरी नोको, नाही लागला तरी नोको."

पलीकडे मोटारपंपाचा आवाज येत होता. बाबा वांग्याच्या वावरात असावेत. फोन त्यांनी ठेवला नव्हता. मीही तो कानाला घट्ट लावून तशीच उभी राहिले.