साखरेच्या देवळाचं उड्डाण

लेकीच्या रुखवतात मांडायला महिनाभर खपून केलेलं साखरेचं देऊळ मांडीवर घेऊन सुमनमावशी बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"मावशी, खाली ठेवा ते," कंडक्टर म्हणाला.

"खाली? आत गणपती बसलाय!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्या विहीणबाई..."

तेवढ्यात म्हैस आडवी आली आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला. बस थांबली, देवळाला मात्र कुणी तसं कळवलंच नव्हतं. ते आपल्या आधीच्याच वेगाने, कळसासकट पुढे निघालं. काय देखणं उड्डाण होतं म्हणून सांगू! समोरच्या लोखंडी दांडीवर त्याचा चुरा झाला.

धावत्या वस्तूला धावतच राहायचं असतं, यात तिचा काय दोष? बोलण्याचंही तसंच. मांडीवर रिकामा पुठ्ठा, केसांत साखर, आणि मावशींच्या तोंडून त्याच ठसक्यात उरलेलं वाक्य बाहेर पडलं, "...नुसत्या बघतच राहतील!"