गावातलाच दाखला

पास्टरांइतकं कान देऊन ऐकणारा माणूस मी तंजावुरात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका राग मला कुणाचा आलेला नाही. समोरचा बोलू लागला की ते मान खाली घालत, मध्ये चकार शब्द काढत नसत. तो मन मोकळं करून जाई. शनिवारी ते सगळं रविवारच्या उपदेशाच्या कागदांवर उतरून माझ्या टायपिंगच्या दुकानात येई.

आम्ही मराठी, हिंदू. चर्चशी माझा संबंध टाइप करण्यापुरता. पण त्यांचा उपदेश कसा बांधलेला असतो ते मला पाठ झालं होतं. आधी वचन, मग अर्थ, मग दाखला. "दाखला गावातलाच हवा, अम्मा," ते म्हणत. "परगावच्या दाखल्याला लोक जांभया देतात." नाव ते कधीच घालत नसत, याचा त्यांना कोण अभिमान! खुणा मात्र इतक्या देत, की आंधळ्यालाही माणूस दिसावा.

दुकानात बाइंडिंग करणारी स्टेला त्यांच्याच चर्चची. नवरा तिरुप्पूरला नोकरी करतो, असं ती सांगे. तो दारू सोडवायच्या केंद्रात होता. हे मला माहीत होतं, आणि प्रार्थनेच्या वेळी तिने पास्टरांना सांगितलं होतं. एका शनिवारी ती जेवायला गेली असताना माझी बोटं थांबली. 'पुस्तकं शिवणारी आपली एक बहीण नवऱ्याविषयी खोटं बोलते...'

"अय्या, एवढं काढा," मी समोर बसलेल्या पास्टरांना म्हणाले.

"यावरच तर सगळा उपदेश उभा आहे, अम्मा."

मी टाइप केलं.

सोमवारी स्टेलाने दारातूनच विचारलं, "अक्का, टाइप तुम्ही केलंत?"

"हो."

तिने शिवायचा दाभण टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली.

पुढच्या शनिवारी मी पास्टरांचे कागद न वाचताच परत केले. "दुसऱ्याची अब्रू मी टाइप करणार नाही," मी म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

दोन महिन्यांनी त्यांची बदली पापनाशमला झाली. निरोपाच्या रविवारी दुपारी स्टेलाचा फोन आला.

"अक्का, आज तुम्ही होतात उपदेशात. देवाचं वचन टाइप करायला नकार देणारी दगडी मनाची बाई."

"लोक हसले?"

"हसले. मी उठून बाहेर आले. त्यांना निरोपाची शाल घालायलाही थांबले नाही."

मग तिने विचारलं, "बाइंडिंगला कुणाला ठेवलंत का?"

"नाही गं."

"मग उद्या येते."