अक्कांच्या पायांवरची आंघोळ

अक्का गेल्या त्या सकाळी बायकांनी अंगणात पाट मांडला, बादलीभर पाणी आणून ठेवलं आणि मला हाक मारली. मी पाण्यात हात घातला. हौदातलं पाणी होतं, गार... मी बादली उचलली आणि चुलीकडे निघाले. मागून कुणीतरी म्हणालं, "काहून गं? आता काय गरम न् काय गार तिला?" दुसरी हळूच म्हणाली, "करू दे तिला. बोलू नका." चूल धड पेटेना. सगळे अंगणात खोळंबून उभे राहिले. पाणी तापलं, त्यात मी गार पाण्याचं विसण घातलं, कोपर बुडवून बघितलं आणि मगच माझ्या थोरल्या जावेला, कुशावर्ताबाईंना, शेवटची आंघोळ घातली. लोकांना ते खुळ्यासारखं वाटलं असेल. पण ज्या बाईनं माझ्या लेकीच्या अंगावर कधी गार पाण्याचा शिंतोडा पडू दिला नाही, तिच्या अंगावर मी हौदाचं पाणी कसं ओतणार होते? या गोष्टीला आता महिना-दीड महिना झाला असेल. अजून कुणी त्यांचं नाव काढलं की मला आधी ती बादली आठवते.

डोंगरकडा नावाच्या गावाच्या पुढं आमचं गाव. केळी आणि हळद, चार शेळ्या, दोन भावांचं एकत्र घर. थोरले माधवराव, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, आणि धाकटे विलास, माझे यजमान. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई वारलेल्या होत्या, घर अक्कांच्या हातात होतं. उंच, काटक बाई. बोलणं कमी, चालणं भराभरा. गावात कुणाकडे कार्य असलं की स्वयंपाकाला अक्का हव्याच. पण मी एक बघत आले होते. बारशाला त्या शंभर माणसांचं रांधायच्या, वाढायच्या, आणि बाळ बायकांच्या मांडीवरून फिरत फिरत त्यांच्यापाशी आलं की उठायच्या. "भात लागला वाटतं," म्हणायच्या आणि चुलीकडे जायच्या. त्यांना एक मुलगा झाला होता आणि बारसं व्हायच्या आधीच तो गेला, पुढं काही झालं नाही, एवढंच मला ठाऊक होतं. त्यापलीकडे घरात कुणी बोलत नसे.

माझ्या आईला अर्धांगवायू झालेला, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी जाणं झालं नाही. नांदेडला सिझर होऊन मी इथंच परत आले. अक्कांनी माझं सगळं केलं. डिंकाचे लाडू, शेपा, शेक-शेगडी, लंगोटांचा ढीग धुणं... पण लेकराला हात म्हणून लावला नाही. दुपटं आणून द्यायच्या ते सुद्धा खाटेच्या कडेला ठेवून. न्हाऊ घालायला शेजारच्या आळीतल्या गयाबाई यायच्या. त्यांचा हात जड, माझी लेक इशू किंचाळायची, आणि अक्का तेवढा वेळ शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन उभ्या राहायच्या.

इशू महिन्याची झाली असेल नसेल, गयाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. ते हळद शिजवायचे दिवस होते. दोघे भाऊ रानात, घरात आम्ही दोघी आणि वाऱ्यावर तो उकडलेल्या हळदीचा वास. मी इशूला उचलायला गेले आणि बघते तर लंगोट सोडाच, पाठ, मान, पार केसांपर्यंत भरवून ठेवलेलं. हातपाय झाडून ती ते आणखी पसरवत होती. माझे टाके अजून ओढत होते. तिला न्हाणीत नेऊन मी हाक मारली, "अक्का, जरा घेता का हिला?" त्या न्हाणीच्या दारात आल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या.

"मला न्हाई जमत, रेखा. पाण्याचं मला न्हाई जमत."

"मग काय करू?"

"फडक्यानं पुसून घे."

फडक्यानं पुसण्यासारखं ते नव्हतं. मीच न्हाणीतल्या दगडावर बसले, पाय लांब केले, गयाबाई करायच्या तसं तिला पायांवर पालथं घातलं. पहिला तांब्या घातला, साबण लावला... आणि साबणात लेकरू किती निसरडं होतं हे मला माहीतच नव्हतं. तिनं पाय झाडले, माझ्या हातातून दंड सुटला, ती दगडाच्या बाजूला घसरली. मला वाकता येईना. अक्का चौकटीतून कशा आल्या ते मी पाहिलं नाही. मला दिसलं ते एवढंच की इशू त्यांच्या छातीशी होती, साबण आणि घाणीसकट. आणि त्याच क्षणी लेकीनं उरलंसुरलं अक्कांच्या लुगड्यावर सोडलं.

मला हसू आलं. भीतीनं आलं असेल, पण टाके दुखेपर्यंत आलं. अक्का हसल्या नाहीत. "घे, रेखा, घे हिला," म्हणत होत्या. मी म्हटलं, "मला उठता येईना, अक्का. तुमीच बसा." त्या उभ्याच. इशू रडून लाल झाली. शेवटी अक्का बसल्या, पाय लांब केले. "पाणी बघ आधी. गरम न्हाई ना? गार न्हाई ना? पुन्हा बघ." मी पुन्हा पुन्हा बघितलं. त्यांनी एक हात मानेखाली ठेवला तो शेवटपर्यंत काढला नाही, मी वरून बारीक धार सोडत राहिले. एका लेकराला दोघींनी मिळून न्हाऊ घातलं, आणि सगळा वेळ अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

इशू झोपल्यावर, घाण झालेलं लुगडं तसंच नेसून, त्या मला सांगू लागल्या. थंडीचे दिवस होते. त्यांचं लेकरू अशक्त, छातीत घरघर. त्या दिवशी न्हाऊ घालणारी आली नाही म्हणून अक्कांनीच आंघोळ घातली. संध्याकाळी अंग तापलं. दवाखान्यात नेईपर्यंत... सासूबाई रडता रडता म्हणाल्या, "आज न्हाऊ घालायची काय गरज होती?"

"ती एवढंच बोलली," अक्का म्हणाल्या. "पुन्हा कधी तोंडातून काढलं न्हाई. तिच्या ध्यानात बी नसंल. पर मी रोज ऐकून राहिले, रेखा."

"अक्का, आंघोळीनं कुठं असं होतं?"

"डॉक्टर बी तेच म्हणले. जन्मापासूनच छातीत होतं म्हणले. समदे सांगतात. पर हात माझे होते नं."

मी त्यांचे हात धरून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी काढायला गेले तर अक्का आधीच न्हाणीत बसलेल्या, पायांवर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा अंथरलेला. "उघड्या पायावरून निसटतं ते. आण तिला," म्हणाल्या.

त्यानंतरच्या सकाळी आठवल्या की आजही मला त्या न्हाणीचा ओला दगड आणि डाळीच्या पिठाचा वास येतो. आम्हा दोघींनाही काही येत नव्हतं. इशूनंच शिकवलं, आणि प्रत्येक धडा आमच्या अंगावर ओकून, मुतून शिकवला. पाजल्या पाजल्या न्हाणीत नेलं तर सगळं दूध अक्कांच्या पायांवर येतं हे कळलं, मग थोडं थांबू लागलो. डोळ्यांत साबण गेला की पुढची सगळी आंघोळ वाया जाते हे कळलं, मग अक्का तिच्या कपाळावर हाताचा आडोसा धरू लागल्या. सगळं आवरून, स्वच्छ पुसून, पावडर लावून झाली की ही हमखास घाण करायची. मी वैतागायचे. अक्का म्हणायच्या, "पोट साफ झालं म्हणायचं, पुन्हा पाणी घ्यायचं. लेकराची कसली आली घाण?" नाकाकानांत तेल सोडायला कुणी शेजारीण सांगू लागली तर तिला सरळ चहा देऊन वाटेला लावायच्या. आणि एक गोष्ट त्यांनी कधी मोडली नाही, पाण्याजवळच्या लेकरावरचा हात सोडायचा नाही. एकदा माझा फोन वाजला, मी इशूला पाटावर बसवून उठले तर केवढ्यानं ओरडल्या होत्या... चुलीवर दूध उतू जात असलं तरी न्हाणीतून आवाज यायचा, "जाऊ दे उतू! हात गुंतलेत माझे!" दादा म्हणायचे, "या पोरीच्या न्हाण्यात आमचा चहा वाहून चालला." तेव्हा अक्का हसायच्या. आधी खांदे हलायचे, मग तोंडावर पदर जायचा, आणि मग आवाज फुटायचा. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. दादांनी सुद्धा फार दिवसांनी ऐकला असावा, कारण ते चहा मागायचं विसरून बघत राहायचे.

इशू चालायला लागली आणि अंगभर फेस घेऊन न्हाणीतून पळू लागली. एक दिवस ती तशीच अंगणातून रस्त्यावर गेली. कळमनुरीला जाणारी जीप भरत उभी होती. पुढं नागडी इशू, मागं टॉवेल घेऊन अक्का, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठं. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, बसवायचं का हिला फ्रंटला?" सगळी जीप हसली. अक्का तिला टॉवेलात गुंडाळून परत आल्या आणि ओट्यावर बसून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "मोठी माय, पुन्ना," इशू अक्कांना म्हणत होती. बारशाला आता त्या उठून जात नसत. हात पुसून पुढं यायच्या, "द्या माझ्याकडं," म्हणायच्या.

मग इशू शाळेत जाऊ लागली आणि एके दिवशी "मी माझी करते" म्हणून तिनं न्हाणीचं दार लावून घेतलं. अक्का बाहेर पायरीवर बसून राहिल्या. "विसण घातलं का? कानामागं धू. पाय घसरतो तिथं, बघून..." आतून उत्तर आलं नाही तरी बोलत होत्या.

गेल्या वर्षी त्यांचं जेवण कमी झालं. पोट दुखायचं, सांगितलं नाही. नांदेडला नेलं तेव्हा डॉक्टरांनी दादांना बाजूला घेतलं. परत येताना गाडीत अक्काच म्हणाल्या, "घरी नेऊन राहिले न मला? मग झालं." पुढं पुढं त्यांचं उठणं बंद झालं. ज्या पायांवर इशू लोळली ते पाय माझ्या हाताच्या मुठीत मावू लागले. आम्ही त्यांना न्हाणीत खुर्चीवर बसवायचो, मी आंघोळ घालायचे. एक दिवस, सगळं होऊन नवं पातळ नेसवलं आणि त्यांचे कपडे खराब झाले. त्यांनी मान खाली घातली. "रेखा, कुणी दुसरी बाई लाव गं. तुला काहून ही तकलीफ."

मी म्हटलं, "पोट साफ झालं म्हणायचं, अक्का. पुन्हा पाणी घ्यायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खांदे हलले, मला वाटलं हसतायत. पण त्या रडत होत्या... मी पाणी घातलं, पुसलं, पुन्हा नेसवलं. उचलून आणताना एवढंच म्हणाल्या, "हात सोडू नको."

"न्हाई सोडत," मी म्हटलं. त्या गेल्या तेव्हा माझा हात त्यांच्या हातात होता. त्यानं काही थांबलं नाही.

आता घरात एक गोष्ट रोज होते. सकाळी दादा चूल पेटवतात आणि मोठं पातेलं चढवतात. आजारपणात अक्कांचं पाणी तापवायचं काम त्यांनी कुणालाच करू दिलं नव्हतं. आता ऐन उन्हाळ्यात गरम पाणी कुणाला लागत नाही. पाणी उकळतं, दादा बघत बसतात, लाकडं विझतात. विलास एकदा काही म्हणायला गेले, मी त्यांना खुणेनं थांबवलं.

परवा इशू जाऊन त्यांच्याजवळ बसली. ती आता सातवीत आहे. मी तांदूळ निवडत होते, ओट्यावरून मला ऐकू येत होतं.

"मोठे बाबा, तुमच्या बाळाचं नाव काय होतं, माहीत आहे का तुमाला?"

दादा म्हणाले, "त्याचं बारसंच न्हाई झालं, बाई. नाव कुठून असंल?"

"होतं. मोठ्या मायनं ठेवलं होतं. मला आंघोळ घालताना सांगायची ती. कुणाला सांगू नको म्हणायची... दिगंबर."

दादांच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. मग स्वतःशीच म्हणाले, "दिगंबर." थोड्या वेळानं पुन्हा एकदा म्हणाले. "मला न्हाई बोलली कधी. मी काय न्हाई म्हणलो असतो का..." इशूनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दादांनी उपरण्यानं तोंड पुसलं. उठले, पातेलं उतरवलं, पाणी बादलीत ओतलं, त्यात विसण घातलं, हात बुडवून बघितलं आणि आणखी एक तांब्या गार पाणी घातलं. "जा बाई," म्हणाले, "न्हाऊन घे. पाणी झालंय."

इशूची आंघोळ केव्हाच झाली होती. केस अजून ओले होते. ती उठली, टॉवेल घेतला आणि न्हाणीत गेली.